लढाईला दिलेला होकार

आमच्या गावात माणूस होकार आधी देतो आणि ऐकतो मागाहून. टोमणा म्हणून नाही सांगत. ही आमची सवय आहे, आणि ती देवळात लागलेली आहे.

सणावाराला गाव देवळात जमतो तेव्हा गाऱ्हाणं घालतात. एक मानकरी पुढे नारळ ठेवून, हात जोडून गावाचं म्हणणं देवाच्या कानावर घालतो. पीकपाणी होऊ दे, गुरांना जप, पोटासाठी मुंबईला गेलेल्यांवर नजर ठेव. प्रत्येक मागणीच्या शेवटी त्याचा आवाज ठरलेल्या जागी खाली येतो आणि थांबतो. तो थांबला की जमलेले पुरुष एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा." तेवढं म्हटलं की मागणी गावाची झाली. कोणीच तसं म्हटलं नाही तर ती एकट्या मानकऱ्याची राहते, आणि एकट्याचं म्हणणं देव धरत नाही असं आमच्याकडे मानतात. बायका मागे उभ्या असतात. त्या हात जोडतात, बोलत नाहीत.

ती थांबायची जागा अंगात इतकी मुरलेली असते की देवळाबाहेरही सुटत नाही. मी रत्नागिरीला कॉलेजात होते तेव्हा राज्यशास्त्राचे सर वाक्य संपवून फळ्याकडे वळताना नेमके तसेच थांबायचे, आणि मागच्या बाकावरचा आमच्याच बाजूचा एक जण पुटपुटायचा, "व्हय म्हाराजा." सर विचारायचे, कोण बोललं? सगळे वहीत डोकं घालायचे.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. बी.ए., राज्यशास्त्र. हे मी आपणहून सांगते, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. आता शहरात एका खाजगी क्लासात शिकवते आणि रोज एसटीने गावी परतते. आम्हाला जनमत नावाचा एक धडा होता. जनमत कसं तयार होतं, कसं मोजतात, सरकारं त्याला कशी घाबरतात. त्यात मला चांगले मार्क होते. पण जनमत डोळ्यांनी पाहिलं ते आखातातल्या लढाईच्या वेळी, आमच्या देवळाच्या अंगणात, आणि तेव्हापासून त्या धड्यावर माझा पूर्वीसारखा विश्वास राहिलेला नाही.

दिवाळीच्या सुमाराला ती लढाई पेटली. लढाई आपली नव्हती, पण टपरीवरचा टीव्ही बघून वाटलं असतं की आपल्याच खाडीच्या तोंडाशी चाललीय. कोणी कोणावर आधी काय टाकलं, यावर रोज चहाबरोबर निकाल लागायचा. क्षेपणास्त्रांची नावं माणसांना आंब्याच्या जातींसारखी पाठ झाली होती.

आमच्या घरात मात्र ती लढाई वेगळी होती. माझा मोठा भाऊ, आमचा दादा, तेलाच्या जहाजावर खलाशी आहे. त्याचं जहाज तेल भरायला आखातात शिरलं आणि माघारी निघायच्या आत आखाताचं तोंड बंद झालं. तेव्हापासून ते तिथेच नांगर टाकून उभं होतं. त्याच जहाजावर खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातल्या चाचीचा मुलगा होता. त्याच्याच ओळखीने दादा बोटीवर लागला होता. आमचे बाबा मी शाळेत असतानाच गेले. आईला जे काही होतं ते दादा आणि मी.

दादाचा आवाज मोबाइलवर अधूनमधून यायचा. "सगळं ठीक आहे. काळजी करू नका." आई तो पुन्हा पुन्हा लावून ऐकायची, कान फोनला चिकटवून, जसं काही त्याच्या आवाजामागे दुसरं कोणी बोलतंय.

"ठीक असता तर हा काय खाल्लंन ता सांगला असता," ती म्हणायची. "नुसतं ठीक म्हणतोय म्हणजे काहीतरी आहे."

देवदिवाळीला देवळासमोर शेठचं भाषण झालं. शेठ म्हणजे आमच्याच गावचे आंब्याचे व्यापारी. पंचायत समितीला उभे राहणार हे तेव्हाच ठरलेलं होतं. त्यांचा फ्लेक्स देवळाच्या वाटेवर लागला होता: त्यांचा हसरा फोटो, मागे लढाऊ विमानं आणि आगीचे लोळ. पंचायत समितीचा आणि विमानांचा काय संबंध, असं मी टपरीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "ताई, तुम्ही शिकलात, तुम्हीच सांगा." आणि हसला. तो माझ्यावर हसला की शेठवर, हे अजूनही मला नक्की ठाऊक नाही.

शेठ भाषण चांगलं करतात. पाण्याच्या योजनेपासून सुरुवात केली आणि कधी आखातात पोचले ते कळलं नाही. म्हणाले, आता कच खायची नाही. म्हणाले, लढाई लांबली तर लांबू दे, पण त्या लोकांची खोड एकदा मोडलीच पाहिजे. 'त्या लोकांची' म्हणताना त्यांचा हात आखाताच्या दिशेने जायला हवा होता. तो खाडीपलीकडे गेला. आणि हात तसाच ठेवून, आवाज खाली उतरवून, ते थांबले.

नेमके त्या जागी थांबले.

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला.

क्षणभर शेठही गोंधळले. मग सगळे हसले, शेठही हसले, आणि पुढचं सगळं भाषण त्यांनी गाऱ्हाण्याच्या चालीवर केलं. प्रत्येक वाक्याला थांबायचे, प्रत्येक थांब्याला होकार घ्यायचे. त्यांच्या माणसाने ते मोबाइलवर घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या फोनवर होतं, वर लिहिलेलं: गावाने एकमुखाने कौल दिला.

त्या होकारात आमचे काका होते. बाबांचे थोरले भाऊ, आणि गावाचं गाऱ्हाणं घालणारे मानकरी तेच. ज्यांनी उभा जन्म लोकांकडून 'व्हय' घेतलं, त्यांनीही मान डोलवून 'व्हय' दिलं. आई मागे बायकांत उभी होती. तिने ऐकलं.

संध्याकाळी काका आमच्या ओटीवर चहाला आले तर आईने चहा पुढे ठेवला आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"भावजी, सकाळी तुम्ही कशाला व्हय बोललात, कळलं काय?"

"कशाला म्हणजे? शेठच्या भाषणाला."

"लढाई लांबू दे, असं बोलला तो. आन् तुम्ही सगळे व्हय म्हाराजा."

काकांनी बशी खाली ठेवली. "ता भाषण होतं गो. गाऱ्हाणं नव्हतं."

"देऊळ तेच ना? माणसं तीच ना? बोलणंपण तेच," आई म्हणाली. "देवाला काय वेगळं ऐकू आलं असणार?"

काकांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. राज्यशास्त्रात याला उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुठल्याच शास्त्रात असेलसं मला वाटत नाही. आईच्या लेखी गोष्ट सरळ होती. गावाने देवाच्या दारात लढाई लांबायला होकार दिला, आणि लढाई लांबली. तो होकार मोडल्याशिवाय दादा येणार नाही. आणि तो मोडायचा तर गावानेच, त्याच तोंडाने.

लढाई लांबत गेली तसा टपरीवरचा आवाज खाली येत गेला. हे एका दिवसात झालं नाही. आधी निकाल लावणारे कमी झाले. मग टीव्हीचा आवाज कोणीतरी बंद केला आणि नुसती चित्रं दिसत राहिली. मग एके दिवशी तिथे मालिका लागली होती आणि कोणी हरकत घेतली नाही. गॅसची टाकी वेळेवर मिळेना. आखातात नोकरीला असलेले काही घरी परतले आणि पडवीत बसून राहिले, काही सुट्टीवर आलेले परत जाऊ शकले नाहीत. माल तिकडे पाठवणारे व्यापारी मोहोराकडे बघून काही बोलेनासे झाले, आणि आमच्याकडे मोहोर धरलेला असताना आंब्यावर कोणी बोलत नाही म्हणजे गावाला काहीतरी झालंय असं समजावं.

पण 'पुरे झाली लढाई' असं तोंडाने कोणी म्हणेना. मी हे बारकाईने बघत होते. एसटीत, दुकानात, पाण्यावर. माणूस बोलायला तोंड उघडायचा, इकडेतिकडे बघायचा, आणि म्हणायचा, "ऊन वाढलंय." सगळ्यांना कंटाळा आला होता आणि प्रत्येकाला वाटत होतं, कंटाळलेला आपण एकटाच. त्या व्हिडिओत सगळ्यांची तोंडं होती ना. एकदा जो होकार देताना दिसलाय, त्याने पहिल्यांदा माघार घ्यायची कशी? आणि घेतली तर कोण कुठे जाऊन सांगेल? जनमत जनमत म्हणतात ते हेच असावं: शेजारी काय म्हणतो याची वाट बघत बसलेले शेजारी.

आमच्या घरातसुद्धा संशय शिरला होता. चाची सुकी मच्छी घेऊन होडीने अलीकडे यायची आणि जेट्टीवर आईची गाठ पडायची. पूर्वी दोघी तासन्‌तास बोलत. आता दोघी एकमेकींचा चेहरा वाचायच्या.

"काय गो, खबर आयली?" चाची विचारायची.

"नाय. तुमच्याकडं?"

"नाय."

आणि घरी येताना आई मला म्हणायची, "तिला ठाऊक आहे काहीतरी. तिच्या पोराचा फोन लागतो. आपल्यालाच सांगत नाय." पलीकडे चाची घरी जाऊन हेच आमच्याबद्दल म्हणत असणार, याची मला खात्री होती.

शेवटी एकदा मी दोघींना जेट्टीच्या कठड्यावर बसवलं. माझ्या फोनवर जहाजं कुठे आहेत ते दाखवणारा नकाशा होता. त्यात दादाचं जहाज मी शोधून दिलं. तिकडे म्हणे उपग्रहाच्या खुणा मुद्दाम बिघडवतात, म्हणून त्या दिवशी ते जहाज समुद्रात नव्हतंच. किनाऱ्यापासून आत, कोरड्या वाळवंटात उभं होतं.

चाचीने फोन डोळ्यांजवळ नेला. "हा काय? वाळूत?"

"नकाशा खोटं दाखवतोय," मी म्हणाले.

"मग खरं कोण दाखवतंय?" आई म्हणाली.

चाचीला हसू फुटलं. "बघ, तुझा पोरगा नि माझा पोरगा वाळूत होडी वल्हवतायत." मग आईही हसली. हसता हसता दोघींनी पदराने डोळे पुसले, आणि त्या दिवसापासून निदान एकमेकींच्या चेहऱ्यावर शोधायचं त्यांनी सोडलं.

दोन दिवसांनी शेठचा तोच माणूस, भाषणाचा व्हिडिओ घेणारा, एसटी थांब्यावर मला म्हणाला, "ताई, तुमची आई पलीकडच्या बाईबरोबर बसते म्हणे जेट्टीवर. फोनवर नकाशे बघता म्हणे."

"बघतो," मी म्हणाले. "तुला पण दाखवू? तुमच्या शेठची विमानं कुठे पोचली ते दिसतं त्यात."

तो हसला, पण हसणं अर्ध्यावर थांबलं. हा जाऊन सांगणार, हे मला कळलं. आणि त्याने सांगितलंच, कारण शिमग्याच्या आधी शेठ स्वतः आमच्या घरी आले.

ओटीवर बसले, पाणी प्यायले, दादाची चौकशी केली. मग आई आत गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्हाला विचारतो. लोक काय म्हणतात लढाईबद्दल?"

"लोकांना विचारा."

"लोक मला तेच सांगतात जे मला आवडेलसं त्यांना वाटतं." हे ते इतकं साधेपणाने म्हणाले की मला क्षणभर त्यांची कीव आली. मग मी सावध झाले. व्यापारी माणूस भाव विचारतो तेव्हा त्याला घ्यायचं असतं किंवा विकायचं असतं.

"तुम्हीच होकार घेतलात ना सगळ्यांचा," मी म्हणाले. "व्हिडिओ आहे."

शेठनी रिकामा पेला बाजूला सारला. "तो व्हिडिओ आता जुना झाला," ते म्हणाले. उठताना, दारात आलेल्या आईला म्हणाले, "वहिनी, पालखी तुमच्याकडे येईल तेव्हा मी असेन खांद्याला."

आई दारात उभी राहून ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत बघत होती. "हा कशाला आलेला?"

"लोक काय म्हणतात ते विचारायला."

"आन् तू काय सांगलंस?"

"काहीच नाही."

"बरं केलंस," आई म्हणाली, आणि चप्पल पायात सरकवून काकांकडे निघाली. मी मागोमाग गेले.

शिमग्यात देवाची पालखी घरोघर येते. अंगणात पाटावर बसते, घरचे नारळ ठेवतात, आणि त्या घरचं गाऱ्हाणं गावासमोर घातलं जातं. आईला त्या गाऱ्हाण्यात दोन गोष्टी हव्या होत्या: आधीचा होकार मोडायचा आणि लढाई थांबायला सांगायचं.

काका पडवीत शेंडी राखून सोललेले नारळ निवडत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"एकदा बोललेलं परत घेता येत नाय," ते म्हणाले. "त्याच्यावर दुसरं घालता येतं."

"मग घाला."

"मी घालीन. माझं काय. पण तिथं शेठ असणार, त्याची माणसं असणार, फोन असणार. मी थांबलो आन् गाव बोललाच नाय तर?" काकांनी एक नारळ कानाशी हलवून बाजूला ठेवला. "गाऱ्हाणं तसंच लटकत राहील. पोराच्या नावाचं. त्यापेक्षा न घातलेलं बरं ना?"

आईने तो नारळ उचलून पुन्हा त्यांच्या पुढ्यात ठेवला. मग म्हणाली, "भावजी, तुम्हाला गावाचा भरवसा नाय. मला पण नाय. पण मला दुसरा गाव कुठं आहे?"

पालखी आमच्याकडे आली ती उन्हं कलताना. अंगण सारवलेलं होतं. ढोल-ताशे वाजवत, पालखी नाचवत माणसं कातळावरच्या वाटेने उतरली. पुढच्या दांड्याला शेठचा खांदा होता. त्यांचा माणूस फोन वर धरून सगळ्यांच्या पुढे उलटा चालत होता. मी आरतीचं ताट धरून तुळशीपाशी उभी होते, त्यामुळे माझा फोन घरात राहिला. याची मला पुढे फार चुटपुट लागली.

तेवढ्यात मला अंगणाच्या दगडी गडग्याबाहेर, आंब्याच्या सावलीत, चाची दिसली. डोक्यावर पदर, हातात रिकामी टोपली. मच्छी विकून परत निघालेली बाई वाटेत थांबावी तशी. पण आमच्या वाटेने जेट्टीला कोणी जात नाही. मी आईकडे बघितलं. आईने माझी नजर टाळली.

काकांनी नारळ ठेवला, टोपी सारखी केली.

"बा देवा म्हाराजा, आज या घरची लेकरं तुझ्या पायाशी आलीत, त्यांची सेवा मान्य कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"पोटासाठी मुंबैला गेलीत त्यांची भाकर टिकव म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आंब्याला मोहोर दिलास, तसं गिऱ्हाईकपण दे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." याला जोर जास्त होता, आणि थोडं हसूही होतं.

काकांनी श्वास घेतला. "मागं तुझ्याच दारात या गावानं न ऐकता एक होकार दिला. तो लेकरांची चूक समज, नि पोटात घाल म्हाराजा."

"व्हय..." अर्धा गाव बोलला, अर्धा बोलता बोलता अडखळला. ढोलवाल्याने काठी खाली केली. माणसांना आता ऐकू यायला लागलं होतं.

"दर्यात दोन लेकरं अडकलीत. एक या घरचं, एक खाडीपलीकडचं. त्यांना सुखरूप आण. आन् ही लढाई आता पुरे कर म्हाराजा."

काका थांबले. त्याच जागी.

कोणी बोललं नाही.

मी चेहरे बघितले. सगळ्यांचं तोंड थोडं उघडलेलं होतं. जो तो शेजाऱ्याच्या ओठांकडे बघत होता, आणि मग सगळे मिळून शेठकडे. शेठ माणसांकडे बघत होते. फोन वर धरलेला तसाच होता. आईने डोळे मिटून घेतले होते.

आणि गडग्याकडून आवाज आला. हलका, बाईचा. "आमीन."

माझी खात्री आहे. आजही आहे.

त्यानंतर गाव जो बोलला, "व्हय म्हाराजा", तसा मी आयुष्यात ऐकला नव्हता. समोरच्या माडांच्या आगरातले बगळे उठले. कोणी म्हणेल गावाला पाझर फुटला. मला तसं वाटत नाही. मला वाटतं गाव दचकला: आपण द्यायचं उत्तर आपल्या आधी दुसऱ्याच कोणी देऊन टाकलं. पण एकदा तोंड उघडल्यावर जे बाहेर आलं ते दचकणं नव्हतं. डोक्यावरचा भारा धपकन खाली टाकताना माणसाच्या तोंडून निघतो तसला तो आवाज होता. इतके महिने सगळे तोच भारा घेऊन फिरत होते आणि ऊन वाढलंय म्हणत होते.

शेठही म्हणाले. मी पाहिलं. त्यांनी आधी माणसांकडे पाहिलं, मग देवाकडे, आणि मग म्हणाले.

पालखी उठली तेव्हा गडग्याबाहेर कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर आला. वर लिहिलेलं: शांततेसाठी आपल्या गावाचं गाऱ्हाणं. काका म्हणतात, लढाई पुरे कर म्हाराजा, आणि लगेच, श्वासही न घेता, गाव गर्जतो, आणि शेठचा जोडलेल्या हातांचा फोटो येतो. मधलं थांबणं नव्हतं. थांबल्यावर जे झालं तेही नव्हतं.

एसटी थांब्यावर तो माणूस भेटला. मी विचारलं, "मधलं कुठे गेलं?"

"कुठलं मधलं, ताई?"

"काका थांबले आणि गाव बोलला, त्याच्या मधलं."

"तिथं काय नव्हतंच. नुसती शांतता होती." तो खरंच गोंधळल्यासारखा दिसला. "शांतता कोण बघतं? कापून टाकली."

शांततेच्या व्हिडिओतली शांतता त्याने कापून टाकली होती, आणि बोलता बोलता आपण काय म्हणून गेलो हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. की आलं होतं? अशा माणसांचं मला कधी कळत नाही.

चाचीला मी जेट्टीवर गाठलं. ती टोपली आवळत म्हणाली, "मी? मी कशाला बोलू तुमच्या देवापुढं?" आणि होडीत पाय ठेवताना मागे वळून, "कुणी ऐकलंन असला तरी सांगू नको हां."

म्हणून मी गावात कोणाला सांगितलं नाही. आता दिवस बरेच गेलेत, आणि इथे कोणाचं नाव नाही, म्हणून लिहिते आहे. पण गावात ते कोणी काढतही नाही. शे-दोनशे माणसांनी ऐकलं असणार. विचारलं तर एक म्हणतो वारा होता, दुसरा म्हणतो पोर रडलं. पहिला आवाज कोणाचा, यावर मात्र अर्धा गाव हक्क सांगतो. प्रत्येकाला वाटतं, आपण म्हटलं म्हणून बाकीचे म्हणाले.

फ्लेक्स आठवड्याच्या आत बदलला. विमानं गेली, पांढरी कबुतरं आली. फोटो तोच हसरा. टपरीवर कोणीतरी म्हणालं, "शेठनी विमानं विकून कबुतरं घेतली," आणि यावेळी हसणारे आजूबाजूला न बघता हसले. समोरच्या उमेदवाराने मग अधिक मोठी कबुतरं लावली. पंचायत समितीच्या त्या निवडणुकीत दोन्ही बाजूंनी जगात शांतता आणायचं कबूल केलं. वाडीवरच्या नळाला पाणी आणायचं कोणाला आठवलं नाही. शेठ निवडून आले. मी त्यांना मत दिलं का? ते मी आईलाही सांगितलेलं नाही.

आखातात काय बोलणी झाली, कोण कोणापुढे वाकलं, त्याचं मला खरंच काही कळलं नाही. एक दिवस नकाशावरचं जहाज वाळूतून उठून पाण्यात आलं आणि हळूहळू सरकायला लागलं. आईने त्यावर विश्वास ठेवला नाही. दादाचा फोन आला, "काल रात्री वांगं-बटाटा होतं, नि आता आम्ही बाहेर पडलो," तेव्हा ती जमिनीवर बसली. काय खाल्लं ते त्याने सांगितलं होतं.

तो आला तेव्हा आंबे उतरवायला लागले होते. वाळला होता, काळवंडला होता. लोक विचारायचे, काय काय बघितलंस रे? तो म्हणायचा, "पाणी." चाचीच्या मुलानेही पलीकडे हेच सांगितलं म्हणे. आईने देवाला बोललेला नारळ फोडला, आणि त्याची एक कवड पदराखाली झाकून स्वतः होडीने पलीकडे नेऊन दिली. कशाबद्दल, हे तिने चाचीला सांगितलं नाही, आणि चाचीने विचारलं नाही.

त्यानंतर शेठचा सत्कार ठरला, देवळाच्या त्याच अंगणात. जहाजावरून सुटून आलेल्यांनाही शाल-नारळ देणार होते. चाचीचा मुलगा आला नाही. दादाला काकांच्या शब्दाखातर जावं लागलं, पण आईने त्याला पुढे बसू दिलं नाही, मागे बायकांच्या कडेला आपल्याजवळ उभं केलं.

शेठ बोलायला उभे राहिले. पाण्याच्या योजनेपासून सुरुवात केली. मग आखात आलं, शांतता आली, आमचं अंगण आलं. म्हणाले, माझ्या हाकेला या गावाने होकार दिला म्हणून आज आपली लेकरं परत आली. म्हणाले, इथून पुढेही मी जे मागेन त्याला हा गाव असाच होकार देईल. आणि हात उंच करून, आवाज खाली उतरवून, ते थांबले.

मी पुढच्या पाठमोऱ्या पुरुषांकडे बघत होते. माना हलल्या. खांदे किंचित वर आले. कोणी बोललं नाही. शेठ तसेच उभे, हात वर.

दादा इतके महिने गावात नव्हता. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. माझ्या शेजारी त्याने सवयीने श्वास भरून घेतला आणि तोंड उघडलं. आईने त्याचं मनगट धरलं.

"थांब," ती हळूच म्हणाली. "काय बोलला ता आधी आयक."